शेरा क्रमांक तेवीस

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाई नववीच्या वर्गशिक्षिका आहेत. मुलांनी त्यांचं नाव ‘फूटपट्टी’ ठेवलंय, आणि ते त्यांना माहीत आहे. उंच, सडसडीत, पाठ सरळ आणि बोलणंही सरळ. “नाव वाईट नाही हो वहिनी,” त्या म्हणतात. “आमच्या भूगोलाच्या सरांना ‘दुष्काळ’ म्हणतात. त्यामानाने मी स्वस्तात सुटले.”

माझी दोन्ही मुलं त्यांच्या हाताखालून गेली, म्हणून मीही त्यांना बाईच म्हणते. त्यांच्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांचा टीव्ही दिवसभर ठणाणा चालू. त्यामुळे पेपर तपासायचे असले की बाई गठ्ठा काखोटीला मारून माझ्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसतात. मी भाजी निवडते, त्या चुका निवडतात. गेली अठरा वर्षं हे असं चाललंय.

वर्गात त्या कधी कुणावर आवाज चढवत नाहीत. ‘ढ’, ‘मठ्ठ’ असले शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. पण सहामाहीला आणि वार्षिकला प्रगतिपत्रकावर, खालच्या तीन ओळींच्या जागेत, त्या जे लिहायच्या ते मुलांना बरोबर लागायचं. शाळेत म्हणच पडली होती: तोंडावरचं गोड, कार्डावरचं खरं. माझ्या धाकट्याच्या कार्डावर त्यांनी लिहिलं होतं, “मुलगा तासाला खिडकीबाहेर बघतो. पण जे बघतो ते नीट बघतो. रागावण्याआधी त्याला काय दिसलं ते विचारावं.” आमच्या ह्यांनी वाचून कपाळाला हात लावला. मी मात्र विचारलं. समोरच्या पत्र्यावर खारीनं पिलं घातली होती, तिची महिनाभराची हकिगत पोराने मला न थांबता सांगितली.

या शेऱ्यांसाठी बाईंची एक लांबट निळी वही असते. प्रत्येक मुलाला अर्धं पान. ‘आज आपणहून हात वर केला.’ ‘स्वतःचा डबा दुसऱ्याला दिला, मग प्रार्थनेला चक्कर आली.’ ‘खोटं बोलला, पण मित्रासाठी.’ वर्षभर अशा ओळी साठायच्या आणि शेवटी त्यांचा शेरा व्हायचा. एक्केचाळीस मुलांचे शेरे लिहायला आठवडा लागायचा. शेवटच्या दिवशी बाईंचं मधलं बोट शाईनं निळं झालेलं असायचं.

चार वर्षांपूर्वी हे बंद झालं. दोन पालकांनी आपापल्या मुलांची कार्डं शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि मार्क सारखे असताना शेरे वेगळे कसे, म्हणून शाळा डोक्यावर घेतली. मुख्याध्यापकांनी त्यावर उपाय काढला तो चाळीस शेऱ्यांच्या यादीचा. संगणकावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक रिकामा चौकोन, त्यात शेऱ्याचा क्रमांक टाकायचा. कार्ड छापून निघताना क्रमांकाच्या जागी वाक्य उमटतं.

“चाळीस वाक्यांत एक्केचाळीस पोरं बसवा म्हणे,” बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. “एकाला तरी दुसऱ्याच्या मांडीवर बसावं लागणार.”

पण फूटपट्टी ती फूटपट्टी. एकदा करायचं म्हटलं की नीटच करणार. वहीतल्या ओळी चालूच राहिल्या, फक्त पानाच्या तळाशी त्या एक क्रमांक लिहून त्याला गोल करू लागल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत अख्खी यादी तोंडपाठ. एकदा मी ‘येतो’ सांगून न आलेल्या प्लंबरवर फोनवर तोंडसुख घेत होते, तर पेपरमधून मान वर न करता म्हणाल्या, “अठरा. कामात नियमितता आवश्यक.” मी हसून हसून फोन ठेवला.

आता त्या मुलीबद्दल सांगते.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक लाँड्री आहे. पुढे काच लावलेला काउंटर, मागे वाफेची इस्त्री, आणि वर दांडीला लटकणारे कोट, जणू बिनडोक्याची माणसं रांगेत उभी आहेत. कपडा आला की त्याच्या कॉलरला कापडी चिठ्ठी टाचायची, चिठ्ठीवर नंबर, तोच नंबर पावतीवर. काउंटरवर एक पत्र्याचा डबा असतो. गिऱ्हाइकांच्या खिशात राहिलेल्या किल्ल्या, तिकिटं, चिठ्ठ्या, एकदा तर कवळी, सगळं नंबर लावून त्यात ठेवतात. सहा महिन्यांत कुणी न्यायला आलं नाही तर टाकून देतात.

लाँड्रीवाल्याची मुलगी बाईंच्या वर्गात होती. गणितात पहिल्या चाचणीत तिला चौदा मार्क पडले. मग बावीस, मग एकोणतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. बाईंनी निळ्या वहीत हे आकडे एकाखाली एक लिहिले होते, पायऱ्यांसारखे. त्या मुलीचं पान अर्धं न राहता पूर्ण भरलं होतं. ‘तिसरं उदाहरण एकटीनं सोडवलं. कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.’ हे वाक्य मला त्यांनी स्वतः वाचून दाखवलं होतं. वार्षिकला मुलीला छत्तीस पडले. त्या दिवशी बाईंनी माझ्याकडे दोन कप चहा घेतला. एरवी अर्ध्यावर पुरे म्हणतात.

“वहिनी, पहिल्या नंबराचं मला काही वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “तो पोरगा माझ्याशिवायही आला असता. ही चौदावरून आलीय.” आणि पानाच्या तळाशी त्यांनी तेवीस लिहून गोल केला. शेरा क्रमांक तेवीस: ‘प्रगती संथ, पण सातत्यपूर्ण. साथ मिळाल्यास निश्चित पुढे जाईल.’

दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्याच टेबलावर आकडे भरले. मी वहीतून वाचत होते, त्या लॅपटॉपवर टाकत होत्या. “सात.” “सात.” “चौतीस.” “चौतीस.” “तेवीस.” बाईंनी बोट क्षणभर बटणावर तसंच ठेवलं, मग दाबलं. “तेवीस,” त्या म्हणाल्या.

यादी मात्र त्या वर्षी सहामाहीनंतर बदलली होती. नवव्या जागी एक नवा शेरा घुसवला होता: ‘मोबाइलचा अतिवापर टाळावा.’ त्यामुळे जुना नववा दहावा झाला, दहावा अकरावा, आणि पुढचे सगळे एकेक घर खाली सरकले. याची सूचना निघाली होती. शिपाई सूचनावही घेऊन मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत फिरतो, सगळे एका हातात पोळीचा घास धरून दुसऱ्या हाताने सही ठोकतात. बाईंचीही सही होती. वाचलं कुणीच नव्हतं. पण बाकीचे यादी समोर ठेवून आकडे टाकत होते. पाठ फक्त बाईंची होती.

निकालाच्या दिवशी कार्डं ऑफिसातून आली तेव्हा पालक आधीच वर्गाबाहेर जमले होते. बाईंनी एक्केचाळीस सह्या अर्ध्या तासात केल्या. मार्क मात्र एकेक ताडून पाहिले, कारण पालक भांडतात ते मार्कांवरून. शेऱ्यांवर नजर टाकली नाही. ते आपणच ठरवलेले, पुन्हा काय वाचायचे?

मग पालक आत आले. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली. एरवी लाँड्रीवाल्याची बायको यायची, पण तिचं मनगट इस्त्रीनं कामातून गेलं होतं, पट्टा बांधून घरी बसली होती. म्हणून पहिल्यांदाच तो स्वतः आला. कार्ड घेऊन खिडकीशी गेला. ओळीवर बोट ठेवून त्याने ते सावकाश वाचलं, पुन्हा वाचलं. परत रांगेत येऊन उभा राहिला. त्याच्यामागे बारा जण होते.

“बाई, हे खाली लिहिलंय ते तुमचंच मत ना?”

बाईंना छत्तीस दिसत होते. आणि पायऱ्या. त्या हसल्या. “माझंच. अगदी मनापासून लिहिलंय.”

“बरं झालं,” तो म्हणाला. “कुणीतरी स्पष्ट सांगितलं.”

संध्याकाळी बाई मला कौतुकानं सांगत होत्या, “एक्केचाळिसांत एकाच पालकानं शेरा वाचला हो. एकानंच.”

सुट्टी संपली, दहावीचे वर्ग सुरू झाले. बाईंकडे नवी नववी आली, पण जुनी मुलं कुठे बसली ते बघायला त्या पहिल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर एक फेरी मारतातच. लाँड्रीवाल्याची मुलगी दिसली नाही. ताप असेल म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातल्या कारकुनानं त्यांना जिन्यात गाठलं. “बाई, तुमच्या त्या मुलीचा शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज आलाय. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, शाळेच्या सल्ल्यावरून. असला सल्ला आपण कधी देतो?”

बाईंनी कार्डाची ऑफिसप्रत मागवली. तिथेच उभ्या राहून वाचली.

‘पुढील शिक्षणाची क्षमता मर्यादित. पालकांनी इतर मार्गाचा वेळीच विचार करावा.’ आणि खाली त्यांची सही, नेहमीसारखी, एकही अक्षर न लपवणारी.

त्या दिवशी माझ्या टेबलावर त्यांनी निळी वही, जुनी यादी आणि नवी यादी मांडली आणि एकेका मुलाचं ताडून पाहिलं. मी गॅस बंद केला. नऊ आणि त्यापुढचे जितके आकडे, तितके शेरे चुकलेले, एक्केचाळिसांपैकी चौतीस. वर्गातल्या सगळ्यात बडबड्या पोराला ‘अबोल, बोलते करण्याची गरज’. दाराआड मारामाऱ्या करणाऱ्याला ‘इतरांना मदत करण्याची वृत्ती’. दुसरी कुठली वेळ असती तर आम्ही पोट धरून हसलो असतो.

“चौतीस चुकीचे गेले, वहिनी,” त्या म्हणाल्या. “आणि वाचला फक्त त्यानं.”

आकडे मीच वाचून दाखवले होते, हे मला बोलायचं होतं. पण त्याचा त्यांना काय उपयोग?

हातात वेळ थोडा होता. शाळेतली दहावीच्या वर्गाची नोंदणी महिनाअखेरीला बंद होणार होती. तोवर मुलगी शाळेत परतली नाही तर वर्ष गेलंच, आणि अशा मुलींचं एक वर्ष गेलं की त्या शाळेत परत येत नाहीत, हे बाईंनी सव्वीस वर्षं पाहिलं होतं.

पहिल्यांदा त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. तिथलं त्यांनी मला नंतर सांगितलं, एखाद्या तिऱ्हाइताचं सांगावं तसं.

“निकाल लॉक झालाय, बाई.”

“उघडता येतो ना?”

“पालकाचा तक्रारअर्ज हवा. आणि एकाचं उघडलं तर चौतिसांचं उघडावं लागेल. शाळेचं हसं होईल. एकाची तरी तक्रार आली का?”

“तक्रार नाही म्हणजे चूक नाही?”

“मुलीला शाळेतून काढलं कुणी? शाळेनं की बापानं?” मग जरा नरमून म्हणाले, “तुमची नोकरीची दोन वर्षं राहिलीत. कशाला स्वतःच्या हातानं डाग लावून घेता?”

मग बाई लाँड्रीत गेल्या. सोबत मलाही नेलं, मला वाटतं धीर म्हणून. मुलगी काउंटरवरच होती. कॉलरला चिठ्ठ्या टाचत होती, दोन टाचण्या ओठांत धरलेल्या. बाईंना पाहून तिने त्या पटकन काढल्या आणि उभी राहिली, वर्गात राहावं तशी.

लाँड्रीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. आम्हाला बसायला त्याने स्वतःचं स्टूल पुढे केलं, एकच होतं, म्हणून आम्ही दोघी उभ्याच राहिलो.

“बाई, आठ वर्षं कार्डं येतायत आमच्याकडे,” तो म्हणाला. “वाव आहे, लक्ष द्यावे, आणखी प्रयत्न हवेत. मी बायकोला विचारायचो, म्हणजे पोरगी बरी आहे की नाही? तीही म्हणायची, कुणास ठाऊक. पहिल्यांदा कुणी सरळ सांगितलं. मी घाई नाही केली. तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, मनापासून.”

“मला वाटलं, कार्डावर दुसरं आहे.”

“सही तुमची ना?”

“माझीच.”

“न वाचता?”

बाईंनी पिशवीतून निळी वही काढली.

“आमच्याकडे न वाचता पावती फाडली तर लोकांचे कोट हरवतात, बाई,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

बाईंनी वही उघडून काउंटरवर ठेवली. “हे बघा. चौदा, बावीस, एकोणतीस, छत्तीस.”

त्याने पान वरून खाली पाहिलं आणि बोट तळाशी नेऊन थांबवलं. “इथेही तेवीसच लिहिलंय. कार्डाचं शाळेत विचारलं तर तेही म्हणतील तेवीस. मग चूक कुठे?”

“तेवीस म्हणजे आधी वेगळं होतं. यादी सरकली.”

“यादी सरकली,” त्याने ते शब्द तोंडात घोळवले. “बाई, मी कमी शिकलेला माणूस. मला एवढंच कळतं की आधी पोरगी चालणार नाही म्हणालात, आता चालेल म्हणता. उद्या दहावीला बसवली, नापास झाली, तर परवा काय सरकेल?”

मुलगी इतका वेळ वहीतलं पान वाचत होती. ती त्या ओळीपाशी पोचली, तिसऱ्या उदाहरणाच्या. तिचे कान लाल झाले. “तुम्हाला कळलं होतं?” ती हळूच म्हणाली.

“त्याच दिवशी कळलं होतं,” बाई म्हणाल्या. “तू चालशील. मी सांगते ना.”

मला वाटलं, जमलं. पोरीचा चेहरा क्षणभर उघडला होता. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, तिने पावती घेतली, नंबर एकदाच पाहिला, आणि चाळीसेक कोटांतून बरोबर तो कोट काढून दिला. परत आली तेव्हा चेहरा मिटलेला होता.

“राहू द्या ना बाई,” ती म्हणाली, आणि त्यात खरंच माया होती. “तुम्ही चांगल्या आहात म्हणून म्हणताय. तोंडावर तुम्ही कधीच कुणाला वाईट म्हणत नाही. कार्डावर मात्र खरं लिहिता. सगळ्या शाळेला माहीत आहे.”

परतताना बाई भिंतीच्या कडेकडेनं चालत होत्या. जिन्यात एवढंच म्हणाल्या, “सव्वीस वर्षं मी हेच कमावलं, वहिनी.”

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत त्यांनी चौतीस पत्रं लिहिली. साध्या कागदावर, हातानं, प्रत्येक मुलाचं वेगळं, पूर्वी लिहायच्या तसं. बोट पुन्हा निळं झालं. तेहतीस नेऊन दिली. तीन उत्तरं आली. एका मुलाच्या आईला कार्ड सापडत नव्हतं. एकाने विचारलं होतं, यामुळे मार्क वाढतील का. बडबड्या पोराची आई दारात येऊन म्हणाली, “अहो, ‘अबोल’ वाचून आम्हाला वाटलं तुम्ही टोमणा मारलाय. घरात सगळे लोळलो! मग ते चुकून होतं?” जाताना थोडी हिरमुसलेलीच गेली. मुख्याध्यापकांचं मात्र बंद पाकीट आलं. परवानगीशिवाय पालकांशी पत्रव्यवहार केल्याबद्दल खुलासा मागवला होता. बाईंनी तो एका ओळीत दिला: शेरे चुकले होते.

चौतिसावं पत्र त्यांनी महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ठेवलं होतं. सकाळी शाळेत जाण्याआधी त्या लाँड्रीत गेल्या, नोंदणीचा कोरा अर्जही सोबत. मी खाली दूध घ्यायला उतरले होते, म्हणून मागोमाग गेले. बाप माल पोचवायला गेला होता. मुलीने पत्र उभ्यानेच वाचलं. दीड पान होतं.

“तुमचं अक्षर किती छान आहे, बाई.”

“अर्जावर वडिलांची सही हवी. ते पाचपर्यंत येतील ना? मी ऑफिस उघडं ठेवायला सांगते.”

“ते नाही करणार.”

“तू सांगितलंस तर?”

मुलीने मान खाली घातली. आई अजून घरीच होती; इस्त्रीशेजारच्या खुंटीवर तिचा मनगटाचा जुना पट्टा लटकत होता. “आणि मला इथे जमतं, बाई. इथे माझा एकही नंबर चुकत नाही.” तिला बाईंना टोचायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. ती फक्त खरं सांगत होती.

बाईंनी अर्ज काउंटरवर ठेवला आणि शाळेला निघाल्या. त्या दिवशी त्या पाचऐवजी साडेसातला घरी आल्या. कारकून नंतर म्हणाला, ऑफिसच्या बाकावर बसून होत्या, कुलूप लावेपर्यंत.

आता पुन्हा सहामाही आली. बाई माझ्या टेबलाशी बसून आकडे भरतात. मी वाचायला बसले तर वही ओढून घेतात, म्हणून बसत नाही. निळी वही आहे, पण पानांवर आता ओळी नसतात, नुसते मार्क. यादी समोर उघडी असते. प्रत्येक आकडा टाकताना त्या ते वाक्य मोठ्याने वाचतात, पुन्हा वाचतात, आणि एक्केचाळिसांपैकी बहुतेकांना एकच क्रमांक देतात. तीन. ‘प्रगतीस वाव आहे.’

“यानं कुणाचं काही होत नाही,” त्या म्हणाल्या. मी चहा ठेवला. अर्ध्यावर पुरे म्हणाल्या.

परवा मी त्यांच्या सासऱ्यांचं ब्लँकेट आणायला लाँड्रीत गेले. मुलगी ते काढायला आत गेली तेव्हा काचेवर वाकून पाहिलं. पत्र्याच्या डब्यात किल्ल्या होत्या, एक तुटका चष्मा होता, आणि त्याच्याखाली चौपदरी घडी घातलेला कागद, दोन्ही बाजूंनी निळी शाई उमटलेली. कोपऱ्याला कापडी चिठ्ठी व्यवस्थित टाचलेली. कुणाच्या नंबराची ते मला वाचता आलं नाही.

“काकू, पावती?” मुलगी ब्लँकेट घेऊन आली होती. मी पर्स उघडली आणि पावती शोधू लागले.